तौनोने सुडापायी लिहिलेली संगीतिका

तौनो किमेलाइनेन गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याने आयुष्यात दोन संगीतिका लिहिल्या, आणि दुसरी निव्वळ सूड उगवायला लिहिली. उगाच लपवायचं कशाला?

पहिलीच्या प्रयोगात आई गाणं गात मरते तो प्रवेश चालला होता. लाकूडगिरणीचा मॅनेजर अर्विद साल्मेला पुढच्या रांगेतून उठला, "कॉफी गार होतेय," असं मोठ्याने म्हणाला आणि चालता झाला. मॅनेजर उठल्यावर त्याच्या पगारावर जगणारं गाव बसून राहतंय होय! सभागृह रिकामं झालं. पुढे कुठेही तौनोच्या पुढ्यात कॉफीचा कप आला की लोक गालातल्या गालात हसायचे.

पंधरा वर्षं त्याने हे गिळलं. मग दुसऱ्या संगीतिकेत एक निर्दयी जमीनदार लिहिला, मरणाऱ्या बाईच्या उशाशी उभा राहून "कॉफी गार होतेय" असं गाणारा. इतका खर्जातला आवाज गावात एकट्या अर्विदचा, आणि मोठी भूमिका म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही, हे तौनोला पक्कं ठाऊक होतं. त्याची अब्रू त्याच्याच तोंडून काढायची! तालमीत अर्विदने ती ओळ मुकाट्याने गायली. मेल्याला कळतही नाही, म्हणून तौनो चडफडला.

प्रयोगाच्या दिवशी ती ओळ आली. लोकांनी ओळखली, एकमेकांकडे बघितलं. तौनो हशाची वाट बघत होता, पण अर्विदचा आवाजच फाटला. कशीबशी त्याने ओळ पुरी केली. कुणी हसलं नाही. शेवटी टाळ्याही त्यालाच.

प्रयोगानंतर रिवाजाप्रमाणे पुरुषमंडळी तळ्याकाठच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात शिरली. बाकीचे पोहायला गेले, वरच्या बाकावर हे दोघेच उरले. तिथे उघड्या अंगाने बसल्यावर कुणी साहेब नसतो. तौनोने सरळ विचारलं, "वाटली का रे लाज?"

"ओळ मी पहिल्याच तालमीत ओळखली," अर्विद म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या गाण्याने मला रडू फुटत होतं. मागे गिरणीची सगळी माणसं बसलेली. तोंडाला येईल ते बोललो नि पळालो."

तौनोच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"कसं सांगणार होतो?"

तौनोने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. तोही त्याच गावचा पुरुष; रडू आलं हे तिथे कुणी कबूल करत नसे.

अर्विदने हळूच विचारलं, "ते आईचं गाणं पुन्हा ऐकवशील?"

"जाळलं. सगळीच्या सगळी संगीतिका चुलीत घातली, त्याच रात्री. तुझ्यामुळे."

अर्विद तोंड झाकून ओक्साबोक्शी रडला. तौनोने ते पोटभर बघून घेतलं. मग त्या गाण्याची चाल मनात धरायला गेला, तर त्याला ती आठवेना.