मामांचं बगदाद

झाशीत राहून बगदादच्या गल्लीबोळांची खडान्‌खडा माहिती असलेला इसम साऱ्या पृथ्वीवर एकच, आणि तो माझा सख्खा मामा आहे. तेही आजच्या बगदादची नव्हे. आजचं बगदाद नकाशात दाखवा म्हटलं तर मामा आधी चष्मा शोधतील. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वी, खलिफांच्या अमदानीत, तिथला कागदवाल्यांचा बाजार कसा भरायचा, हे मात्र ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. एकदा माझ्या मेव्हण्याने त्यांना दतिया गेटचा रस्ता विचारला. मामा म्हणाले, "सोपं आहे. दतिया गावाकडे तोंड, तो दतिया गेट. बगदादातही हीच रीत. गोल शहर, चार वेशी, खुरासानकडे तोंड ती खुरासान वेस." मग तिथून खुरासानचा रस्ता निघाला, रस्त्यावर उंटांचे तांडे आले, तांड्यांबरोबर समरकंदचा कागद आला. मेव्हणा हात जोडून बाहेर पडला आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्याला विचारून दतिया गेटला पोचला.

मामांना हे वेड जडलं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. नोकरीच्या निमित्ताने भुसावळकडून इकडे आले आणि लक्ष्मी गेटच्या एका जुन्या मराठी घराण्यातली मुलगी करून इथलेच झाले. तर त्या ऑफिसात बेवारस सामानाचा लिलाव व्हायचा. मामांनी त्यात छत्र्यांचा एक गठ्ठा घेतला. छत्र्या एकजात मोडक्या निघाल्या, पण त्यांच्या आत अरबांचा एक जाडजूड, हिंदीत लिहिलेला इतिहास निघाला. त्याची पहिली पानं नव्हती, म्हणून तो कुणी लिहिला ते मामांना आजतागायत ठाऊक नाही. शेवटचीही पानं नव्हती. त्यामुळे मामांच्या बगदादवर कधी संकट म्हणून आलंच नाही. वाळवंटातून माणसं निघतात, शंभर वर्षांत इकडे सिंध आणि तिकडे स्पेन गाठतात, शहरं वसवतात, इस्पितळं बांधतात, आणि सगळे मिळून पुस्तकं लिहायला बसतात. तिथे पुस्तक संपतं. ती माणसं अजून लिहीतच बसली आहेत, अशी मामांची समजूत असावी.

पुढे त्यांनी पुष्कळ वाचलं, पण वेड वाढलं ते वाढलंच. लग्नात सरबताचा पेला हातात आला की मामा तो उंच धरून म्हणणार, "शब्द अरबी!" कुणाच्या मुलाला बीजगणितात कमी गुण पडले की मामा पेढे घेऊन त्याच्या घरी. का, तर बीजगणिताला बगदादने पुस्तकात बसवलं आणि हा मुलगा निदान त्या परीक्षेला तरी बसला! शून्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आपण आकडे काढले, पण गावभर हिंडवले त्यांनी." आमच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवात त्यांच्याकडे दरवर्षी आभारप्रदर्शन असायचं. मामा देणगीदारांचे आभार मानायचे, मग पत्रिका छापणाऱ्याचे, मग ज्या कागदावर ती छापली त्या कागदाचे, आणि तिथून जे समरकंदला शिरायचे ते प्रसाद थंड झाल्यावरच परत यायचे. शेवटी मंडळाने त्यांचं आभारप्रदर्शन आरतीच्या आधी ठेवलं. आरतीला तरी थांबतील, हा हिशेब.

या सगळ्यात पोळल्या गेल्या त्या मामी. एका उन्हाळ्यात मामांनी ठरवलं की बगदादी रीतीने चिंध्यांचा कागद करायचा. कोपऱ्यावरच्या सलीमभाई शिंप्यांनी पोतंभर सुती कातरणं दिली. ती न्हाणीघरात भिजत पडली आणि पुढचे कित्येक दिवस आम्ही त्यांच्याकडे नाकाला रुमाल लावून जात होतो. कुटून, गाळून, गच्चीवर थापून कागद झाला खरा, पण शाई लावली की फुटायची. मामांनी पुस्तक काढलं. कागदाला गव्हाचं सत्त्व चोपडावं, मग गुळगुळीत दगडाने घोटावं, असं त्यात लिहिलेलं. आता झाशीत ऐन उन्हाळ्यात गव्हाचं सत्त्व कुठे मिळणार? मिळणार मामींच्या स्वयंपाकघरात. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, मामींनी कुरडयांचा चीक काढून ठेवला होता. तो पातेलंभर चीक मामांनी सकाळच्या पहिल्या प्रहरी कागदाला चोपडून टाकला आणि वरून खलातल्या बत्त्याने घोटला. मामी सोऱ्या घेऊन गच्चीवर आल्या, तर कुरडयांच्या जागी ओळीने बगदाद वाळत पडलेलं.

"अहो, वर्षाच्या कुरडया होत्या त्या!" मामी म्हणाल्या.

"कुरडई वर्षभर टिकते. कागद हजार वर्षं," मामा म्हणाले.

 मग मामी चार दिवस शेजारणीशी इथल्या बुंदेली बोलीतून भरभरून बोलल्या.

गेल्या वर्षी ठरलं की मामा-मामींनी मुलाकडे पुण्याला जायचं. गुडघे दोघांचेही गेलेले, जिना चढवेना, मुलगा रोज फोनवर मागे लागलेला. घर सोडायचं नक्की झालं. मामांनी तडक मंडळाच्या कार्यवाहांकडे अर्ज दिला की या गणपतीत मला आभार नको, भाषण हवं. विषय बगदाद. आयुष्यात एकदा तरी ते सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि तेही ज्यांच्यात आयुष्य गेलं त्यांना. काही दिवसांनी कार्यवाह चाचरत म्हणाले, "तुमचा अर्ज पोचला, पण काही सभासदांची हरकत आहे." मामा म्हणाले, "अर्ज अरबी, हरकत अरबी. मग माझंच काय वाईट आहे?" कार्यवाहांनी तिथल्या तिथे कार्यक्रमात भाषण लिहून टाकलं.

मामांनी लक्ष्मी गेटपासून रेल्वे कॉलनीपर्यंत घरोघर जाऊन बोलावणं केलं. भेटेल त्याला या म्हणाले, आणि माणूस गाव सोडून जातोय म्हणून सगळे आले. सलीमभाई इस्त्रीचा कुर्ता घालून सहकुटुंब पहिल्या रांगेत. दूधवाले यादवजी, शेजारच्या तिवारीणबाई, मंडळातली तरुण मुलं, सगळे हजर. मामा उभे राहिले आणि शुद्ध, घोटीव मराठीत सुरुवात केली. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की घात झालाय. समोरच्या अर्ध्या लोकांना मराठी येत नव्हतं आणि तरुणांना घरापुरतं येत होतं. सलीमभाई आदराने मान डोलवत होते, पण चुकीच्या जागी. कुणी म्हणालं, हिंदीत बोला. पण बोलणार कसे? मंडळाच्या व्यासपीठावरून मराठीखेरीज अक्षर निघायचं नाही, हा नियम मंडळात मामांनीच केला होता आणि तो मोडणाऱ्या कित्येकांना त्यांनीच खाली बसवलं होतं. मामा थांबले. घाम पुसला. पुन्हा एक वाक्य बोलले आणि पुन्हा थांबले. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. मला ते बघवेना.

आणि बायकांच्या बाजूने मामींचा आवाज आला. उभ्या राहिल्या नाहीत, जागेवरूनच म्हणाल्या, "जे कै रए हैं के बगदाद गोल सहर हतो. चार दरवाजे हते, जैसे अपने इतै दतिया गेट।"

सभा खदखदून हसली आणि सरळ होऊन बसली. मामांनी चमकून बघितलं, मग पुढचं वाक्य टाकलं. मामींनी ते उचललं. व्यासपीठावर मराठी, जमिनीवर बुंदेली, नियम शाबूत. मामा म्हणाले की बगदादात ग्रीक, फारसी, संस्कृत ग्रंथ आणून त्यांची भाषांतरं करणारे पंडित बसवले होते, धर्म कुठलाही असो, ज्ञान असलं की झालं. मामी म्हणाल्या, "सब जगां की किताबें मँगाईं और अपनी बोली में करवाईं। जैसे हम कर रए।" कागदाशी आल्यावर तर मामींनी मामांच्या वाक्याची वाटच बघितली नाही, "और हमाए घर को पूरो गेंहूँ को सत जेई कागज में गओ!" सलीमभाई पोट धरून हसले आणि ओरडले, "कतरन हमारी थी, भाभीजी!" एका ठिकाणी मामा स्पेनातल्या कॉर्डोव्हाच्या रस्त्यांवरचे दिवे विसरून पुढे गेले, तर मामी म्हणाल्या, "अहो, दिवे राहिले." मामा निमूटपणे मागे गेले आणि दिवे लावून आले.

तेव्हा मला कळलं की चाळीस वर्षं चुलीपाशी पाठ करून बसलेल्या मामींनी एक शब्दही वाया जाऊ दिला नव्हता. मामांनाही ते तेव्हाच कळलं असावं. त्या दिवशी आभार मानायला ते पुन्हा उठले आणि, विश्वास ठेवा, एकच वाक्य बोलून बसले. मामींचं नाव घेतलं, बस्स.

दिवाळीनंतर दोघं पुण्याला गेली. मी मध्यंतरी जाऊन आलो. त्यांच्या सोसायटीत ज्येष्ठांची बैठक भरते, तिथे मामांचं भाषण होतं. विषय सांगायला नको. समोर सगळे मराठी, सगळ्यांना सगळं कळत होतं. मामा पहिलं वाक्य बोलले आणि थांबले. दुसरं बोलले आणि थांबले. लोकांना वाटलं, म्हातारबुवा विसरले. शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी लागून हळहळलेही. मामा काही विसरले नव्हते. ते बायकांच्या बाजूला बघत होते. मामी खाली मान घालून बसल्या होत्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्यांचे ओठ हळूच हलत होते. ओठ थांबल्यावर मामा पुढचं वाक्य बोलत होते.