आबांची पत्रकं आणि ताईचे टॉवर

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छापून आणलेल्या चळवळीच्या पत्रकांवर बोट ठेवतच मी वाचायला शिकलो. त्यामुळे धाराशिवला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली ताई जेव्हा म्हणाली, की गावातल्या लोकांचे मोबाईल दिवसभर कुठं फिरतात त्याची नोंद मला हवी, तेव्हा मी भडकलो. याला पाळत म्हणतात, असं तिला सुनावलं.

तिनं शांतपणे समजावलं. एखाद्याला फोन आला, की तो माणूस नेमका कुठल्या टॉवरपाशी आहे हे नेटवर्कला ठाऊक नसतं. मग आसपासचे सगळे टॉवर एकदम हाका मारतात. कळंबच्या बाजाराच्या दिवशी तर हाकांचीच गर्दी होते. माणूस कुठं असेल याचा आधीच अंदाज बांधला, तर एकदोन टॉवरवर भागतं. हा अंदाज तिला लॅपटॉपवर करून दाखवायचा होता. नोंदी मिळाल्या नाहीत तर प्रोजेक्ट बुडणार होतं आणि वर्षही.

"आबा काय दारोदार पत्रकं वाटायचे?" तिनं विचारलं.

नाही वाटायचे. सकाळी एसटी स्टँड, दुपारी पिठाची गिरणी, संध्याकाळी बुद्धविहार. कोण कधी कुठं भेटतं हे त्यांना पाठ होतं. मला मुद्दा पटला, पण आबांना लोक तोंडावर नको म्हणू शकायचे, हेही मी बोललो. ताईनं कोरा कागद पुढं सरकवला.

"मग नको कसं म्हणायचं, ते तूच लिही."

घाई तिला होती, तरी माझी हरकत तिनं कागदावर उतरवून घेतली. त्याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. नाव नोंदवणार नाही, कधीही बाहेर पडता येईल, काम संपल्यावर सगळं पुसू, असं मी लिहिलं. आबांच्याच वाटेनं आम्ही ते पत्रक वाटलं. बरेच जण हो म्हणाले. पहिला नकार घरातूनच आला.

"म्या कुठं जाते ते तुझ्या बापाला सांगत न्हाय, मशीनला कशाला सांगू?" आई म्हणाली. आबा मिशीत हसले.

लग्नसराईत ताईचे अंदाज पार चुकले, एरवी बहुतेक जमले. परीक्षकांनी प्रोजेक्ट मान्य केलं. नोंदी तिनं विहारात सगळ्यांसमोर पुसल्या.

ती पास झाल्याचं कळलं तेव्हा मी आईला फोन लावला, तर तो नेहमीसारखा घरातच फळीवर वाजत होता. दुपार होती. मी सरळ गिरणीवर गेलो. पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनी आई दळण भरत होती.

"म्या कशी सापडले रे?" तिनं विचारलं.

मी आधी ताईची बातमी सांगितली.