तुम्हाला सवय आहे

शिपायाने चार खराटे आणून नव्या इमारतीच्या भिंतीला टेकवले. प्राचार्य पायरीवर उभे होते. समोर आम्ही, आदल्या दिवसापर्यंत ती इमारत अडवून बसलेली मुले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि चौघांना बोटाने बाजूला काढले. चौघेही बौद्धवाडीतले, त्यांत मी एक.

"इमारत घाण केलीत. आता झाडायची. तुम्हाला सवय आहे."

बाकीच्यांना म्हणाले, "तुम्ही चांगल्या घरची मुलं. कुणाच्या नादाला लागता? जा, वर्गात बसा."

भिंतीवर डांबराने 'वसतिगृह कुठाय?' असे लिहिणारा त्या बाकीच्यांत होता. पोलादपूरकडच्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा. तो मान खाली घालून वर्गात गेला.

इमारत मागासवर्गीयांच्या वसतिगृहासाठी म्हणून उभी राहिली होती. आम्ही सिमेंटच्या गोदामात राहत होतो. इमारत पुरी झाली, तेव्हा तिच्यात कॉलेजचे कार्यालय आले आणि संचालकांची पाहुण्यांची खोली आली. विचारले, तर म्हणाले, "सरकारचे जावई, जरा दम धरा." म्हणून आम्ही दारात बसलो. तासही होऊ दिले नाहीत.

मी खराटा उचलला नाही. प्राचार्यांनी माझ्या बापाला बोलावून घेतले. दुसऱ्या दिवशी बा सकाळच्या एसटीने महाडला आला. जमीनदारही मुलासाठी आला होता. तो आत खुर्चीवर बसून चहा पीत होता. बा अंगणात उभा. प्राचार्य बाहेर आले.

"तू बाप ना याचा? समजाव. नाहीतर हजेरीतून नाव काढतो."

बाने हात जोडले. "साहेब, पोर हाय. येवडं वरीस वाया जाऊ दिऊ नका."

मग तो भिंतीकडे गेला. खराटा घेतला. पायरी झाडू लागला.

धर्मांतरानंतर बाने गावकीची कामे सोडली होती. गावची चावडी झाडणेही सोडले. त्यासाठी गावाने गिरणीत आमचे दळण बंद केले. आई जात्यावर दळायची. बा मागे हटला नव्हता. तोच बा आता माझ्या परीक्षेसाठी वाकला होता.

"बा, ठेव ते."

"गप रं. मी झाडतो. तू शिक."

प्राचार्य हसले. "बघ. बाप शहाणा आहे."

मी खराटा ओढला. तो सुटेना. बाची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

"सर, जे बसले होते त्या सगळ्यांच्या हातात खराटा द्या. मी पहिला झाडतो. नाहीतर मी झाडणार नाही, माझा बापही नाही."

"नाव काढलं तुझं."

"काढा."

बाकी तिघांनी झाडले. त्यांना परीक्षा द्यायची होती. मलाही द्यायची होती.

परतीच्या एसटीत बा एकदाच बोलला. "मी झाडलं असतं तर तुजं वरीस वाचलं असतं."

खरे होते. बापाला वाकवून मिळणारी पदवी मला नको होती. आजही नको.

नवे सत्र सुरू झाले. मी फाटकातून सरळ आत गेलो आणि त्याच इमारतीच्या दारात बसलो. शिपाई धावत आला.

"तुजं नाव नाय रे हजेरीत."

"ठाऊक हाय," मी म्हटले. "खोल्या मिळंपर्यंत बसायला आलोय."