हौसाचं फडकं

माझी बायको हौसा गेली, ते मला फोनवर कळलं. विमान उडवायला शिकवतात त्या शाळेतल्या इंजिनिअर साहेबाचा फोन. "काका, मावशी विमान पुसता पुसता खाली बसल्या... उठल्याच नाहीत." चाळीस वर्षं माझ्या घरात राबली आणि शेवटचा हात लागला तो त्या पत्र्याला. खरं सांगतो, रडायच्या आधी मला रागच आला.

आम्ही गडमुडशिंगीचे, विमानतळाला लागूनच गाव. दहा वर्षं ती त्या शाळेच्या शेडात विमानं धुवायला जायची. दोन माणसांची बारकी विमानं. आधी ओलं फडकं, मग कोरडं, आणि शेवटी नुसता तळहात. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या म्हशीवरूनही ती असाच हात फिरवायची, गोचीड लागतोय का बघायला. घरावरून विमान गेलं की आवाजावरून कुठलं ते ओळखायची. तव्यावर भाकरी करपायची आणि ही अंगणात मान वर करून उभी. मी म्हणायचो, "नवरा हितं ताटावर बसलाय, त्याच्याकडं बघ की!" तर म्हणायची, "तुमी काय वरनं पडणार हाय व्हय?"

एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "अवो, तीन नंबरच्या विमानाच्या पंखाला बुडात सुरकुती लागतीया हाताला. सांगू का साहेबास्नी?" मी म्हणालो, "पगार पुसायचा मिळतोय न्हवं? तुझंच स्टूल लागलं म्हणतील. गप बस." तिची नोकरी जाईल म्हणून तसं बोललो, असं नाही. तो साहेब तिला शाबास म्हणेल, ते मला सोसणार नव्हतं...

तिनं ऐकलं नाही. सकाळी एक शिकाऊ पोरगी त्याच विमानात बसली, तर ही पुढं बादली ठेवून उभी राहिली. साहेबानं पंखाचा पत्रा उघडला. आतली पट्टी वाकलेली, पत्रा धरून ठेवणारे रिव्हेट ढिले. कशानं झालं? कुणी आदळून उतरवलं का? सगळ्यांना विचारलं, कुणी कबूल झालं नाही. आजतागायत कळलेलं नाही. साहेबानं सगळ्यांच्या देखत हिच्या पायाला हात लावला. हिनं घरी येऊन सांगितलं, त्यांनी दिलेले पेढे माझ्यापुढं ठेवले आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. 'बरं केलंस' एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणालो, "पेढा शिळा हाय."

परत तिनं विमानाचं काही मला सांगितलं नाही.

जलदानविधीला साहेब आला आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. तेही मला खुपलं. जाताना म्हणाला, "काका, मावशींच्या मुठीत होतं ते फडकं द्या. शेडात लावून ठेवतो."

"विमान तुमच्याकडं हाय की," मी म्हणालो. "फडकं न्हाय मिळायचं."

ते पिवळं फडकं चुलीमागच्या खिळ्याला आहे. वरून विमान गेलं की आता मी अंगणात जातो. कुठलं ते मला ओळखता येत नाही. आत येतो, फडक्यावरून तळहात फिरवतो, म्हणतो, "बरं केलंस, हौसा."

तवर भाकरी करपलेली असते.