शेवटच्या कडव्याची धास्ती

जुन्या जालन्यातल्या आमच्या भजनी मंडळात माझं कौतुक व्हायचं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी अभंगांना चाली लावतो. पण संताचं नाव येतं ते शेवटचं कडवं मी कायम जुन्या, सगळ्यांच्या तोंडातल्या चालीवरच सोडून द्यायचो. लोक म्हणायचे, "काय नम्रता बुवांची! संताच्या नावाला स्वतःचा हात लावत न्हाईत." कसली डोंबलाची नम्रता! ती निव्वळ भीती होती. पंधरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एक चाल शेवटपर्यंत बांधली आणि त्याच सकाळी माझा थोरला भाऊ गेला. त्याचं हृदय आधीपासूनच दुबळं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मनानं घेतलं ते घेतलंच. चाल पुरी केली की घरातलं माणूस जातं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी तिच्याच हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना ती म्हणाली, "रडत बसू नका. कायतरी गुणगुणा." मी बाहेर बाकावर बसून एक नवी चाल गुणगुणू लागलो आणि शेवटच्या कडव्याशी गप्प झालो. खरं तर तेही सुचलं होतं, पार ओठांवर आलं होतं. मी ओठ आवळून घेतले.

शेजारी वडीगोद्रीकडची एक बाई बसली होती. तिचा नवरा आयसीयूत होता. "थांबले कामून, भाऊ? बरं वाटून राह्यलं होतं," ती म्हणाली. काय झालं कोण जाणे, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी त्या परक्या बाईला भडाभडा सांगून टाकलं. ती मग म्हणाली, "तुमच्या चालीनं माणूस मरतंय, तर जगत बी असंल. उठवा मंग आमच्या मालकाला."

पांडुरंगाचं काम मीच डोक्यावर घेऊन बसलो होतो. फार लाज वाटली. ते कडवं म्हटलं, पुरं म्हटलं. तिनं हलकेच टाळी धरली. तासाभरानं डॉक्टर आले. बायको सुखरूप होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईचा नवरा गेला. तिला तोंड दाखवायची हिंमत होईना, मी जिन्याआड उभा राहिलो. पण दिराचा हात धरून तीच मला शोधत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "भाऊ, जिवाला लावून घेऊ नका. त्याचं माणूस होतं, त्यानं नेलं. तुमी गाणं अर्ध्यात सोडू नका." धीर मी द्यायचा, तर तिनंच मला दिला. मी वाकून तिच्या पाया पडलो. नाव विचारायचंही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोच्या खाटेशी बसून तिला सगळं सांगितलं आणि ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, त्या गेलेल्या माणसासाठी. भीती गेली होती असं खोटं कशाला सांगू? छाती धडधडतच होती. पण मारणारा मी नाही आणि तारणाराही मी नाही, एवढं कळलं होतं. शेवटच्या ओळीवर भावासाठी पहिल्यांदा मोकळेपणी रडलो.