हेरांचा सिनेमा आणि आमची वसाहत

काळोखात काडी ओढल्याचा खर्रकन आवाज, मग पडदाभर पसरत गेलेला पिवळसर उजेड आणि त्या उजेडात हळूहळू उमलत गेलेला नायिकेचा गाल! दिग्दर्शकाने तो क्षण किती जिव्हाळ्याने रचला असेल! युद्धाचे दिवस, दारूगोळा भरण्याची खोली, शत्रूच्या देशातून हेर म्हणून आलेली ती आणि तिच्यावर जीव टाकणारा तिचा नवरा, त्या कारखान्यातला अधिकारी. तिचा चेहरा एकदा डोळे भरून पाहता यावा, एवढ्यासाठी त्याने काडी पेटवलेली. चंद्रपूरच्या त्या चित्रपटगृहात सारे जण श्वास रोखून बसले होते, आणि नेमक्या त्याच वेळी आमची जवळजवळ अख्खी रांग खदखदून हसली.

पुढच्या रांगेतल्या एका तरुण जोडप्याने मागे वळून असे काही पाहिले, की मलाच त्यांची दया आली. मागे बसलेली ही पिकल्या केसांची मंडळी भद्रावतीजवळच्या कारखान्याच्या वसाहतीतून एसटीने आलेली आहे आणि यांची सारी उमर दारूगोळा भरण्यात गेली आहे, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? "काडी पेटवली न बे यानं," बाबांचे जुने सोबती गुलाबभाऊ आपल्या मते हळू आवाजात म्हणाले, "आता पिच्चर इथीच संपाले पाह्यजे." बाबांच्या तर हसून हसून डोळ्यांत पाणी आले.

ज्या कारखान्याच्या फाटकावर काडेपेटी हा सर्वांत मोठा गुन्हा होता, त्या फाटकातून ही माणसे रोज आत गेली आणि बाहेर आली. आत शिरताना खिसे उलटे करून दाखवायचे, घरचे कपडे उतरवून बिनखिशाचे सुती कपडे घालायचे, चपलासुद्धा बाहेर ठेवायच्या. ती सवय अशी हाडीमाशी मुरली, की निवृत्तीनंतरही आमच्याकडच्या पुरुषांच्या खिशात काडेपेटी सापडत नाही. विहारात वंदनेच्या वेळी मेणबत्त्या लावायच्या असल्या, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि शेवटी शेजारच्या घरातून कुणीतरी बाई चुलीजवळची पेटी घेऊन येते. आग आणि दारू यांच्या मधोमध संसार थाटलेल्या लोकांची ही एक आपली रीत आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. त्यामुळे 'सत्य घटनेवर आधारित' ही अक्षरे पडद्यावर उमटली, की माझ्यातली मास्तरीण पदर खोचून बसते. या चित्रपटाने तर तिला मेजवानीच दिली. कथा म्हणे चांद्याच्या, म्हणजे आमच्याच चंद्रपूरच्या अरण्यातली, आणि पडद्यावर झाडे देवदाराची! आमच्या सागाने, मोहाने आणि तेंदूने काय पाप केले होते कोण जाणे. नायिकेच्या हातात मनगटभर काचेच्या बांगड्या, अंगावर सळसळणारी, ठिणगीला आमंत्रण देणारी रेशमी साडी, आणि ती थेट स्फोटकांच्या पेट्यांमधून लगबगीने चाललेली. गुप्त म्हणवल्या जाणाऱ्या कारखान्याच्या दारावर ठळक अक्षरांतली पाटी. परतीच्या बसमध्ये आमची मंडळी एकेक चूक आठवून पुन्हा पुन्हा हसत होती. खिडकीबाहेर फाल्गुन होता. निष्पर्ण रानात पळस पेटला होता आणि मोहाचा गोड, किंचित आंबूस गंध वाऱ्यासोबत आत येत होता. अशा रानातून जाताना वाटले, की खऱ्याखुऱ्या जागेला लाभलेले रूप कल्पनेला का पुरे पडू नये?

पण चूक म्हणजे तरी काय? एखाद्या काळाचे गणवेश, बंदुका, मोटारी, केसांचे भांग सारे अचूक उतरले आणि त्या काळातल्या माणसाच्या छातीतली धडधड मात्र उतरली नाही, तर त्याला आपण खरे म्हणायचे का? आणि झाडे देवदाराची असूनही एखाद्या स्त्रीच्या डोळ्यांतले भय खरे असेल, तर त्याला खोटे म्हणायचे का? इतिहासाच्या पुस्तकांत मी अनेक युद्धे शिकवली. त्यांची कारणे सांगितली, परिणाम सांगितले. परंतु त्या युद्धांच्या काळात घराघरांत रात्री कोण कुणाशी काय बोलले आणि काय बोलले नाही, याची नोंद कुठल्या पुस्तकाने ठेवली आहे? हे असले विचार मला बसमध्येच सुचतात आणि उतरले की विसरतात. त्या दिवशी मात्र ते विसरता आले नाहीत, कारण माझ्या शेजारी बसलेली आई एकदाही हसली नव्हती.

चित्रपटाच्या शेवटी त्या अधिकाऱ्याला आपल्या बायकोचे गुपित कळते. तो तिच्यावर बंदूक रोखत नाही. तो फक्त विचारतो, की या सगळ्यात काही खरे होते का? ती उत्तर देत नाही, आणि पडदा काळा होतो. दिवे लागले तेव्हा आईचा पदर ओला होता. मला वाटले, हळवी आहे, नायिकेसाठी रडली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे अंगणात चहा घेत होतो. बाबा अजून त्याच आनंदात होते. देवदारांची गोष्ट ते पुन्हा रंगवून सांगू लागले, तेव्हा आईने कप खाली ठेवला.

"त्या बाईनं नवऱ्याले काई सांगतलं नाई, ते समजते मले," ती म्हणाली. "ते दुश्मनाची होती. तुमी त माहेच होते न?"

बाबा गोंधळले. मीही गोंधळले. मग आई बोलू लागली आणि माझ्या जन्माआधीचा एक हिवाळा, जो या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता, तो आमच्या अंगणात येऊन बसला. तेव्हा सीमेवर खरेच युद्ध पेटले होते. आईचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते आणि माझा थोरला भाऊ तिच्या पोटात होता. बाबा दोन-दोन पाळ्या करून परत येत, आणि तेवढ्या थंडीत आपले अंथरूण उचलून व्हरांड्यात नेत. तिच्या जवळ बसत नसत. तिच्या हातून पाण्याचा पेला घेतानाही आपले बोट तिच्या बोटाला लागू देत नसत. विचारले तर एकच उत्तर, ड्युटी. शेजारणी आपापल्या नवऱ्यांविषयी लटक्या तक्रारी सांगत आणि ती गप्प राही. लग्न ठरवताना तिच्या सावळ्या रंगावरून सासरी कुणीतरी नाक मुरडले होते. ते तिच्या मनात होतेच. तिने स्वतःशी ठरवून टाकले, की आपण यांना पसंत नाही. युद्ध संपले, मूल झाले, बाबा खोलीत परत आले, आणखी मुले झाली, संसार चांगला झाला. तो सल मात्र तिने कुणाला दाखवला नाही. एवढी वर्षे ही बाई मनात हे ठेवून आमच्या वेण्या घालत होती, सुनांचे कौतुक करत होती, या माणसासाठी आंबाडीची भाजी रांधत होती!

"मी तुमाले आवडत नवती का?" तिने विचारले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तिने हे अगदी साधेपणाने विचारले, आणि तिच्या आवाजावरून कळत होते, की उत्तर काहीही आले तरी ते ऐकायची तिची तयारी आहे.

बाबांनी आधी फाटकाकडे पाहिले. रस्त्यावर कुणी नव्हते. तरीही ते बोलले ते खालच्याच आवाजात.

"पावडर राहे हाताले. पिवळी. किती बी घासली त नखात राहे. तुह्या पोटात पोरगं होतं. साहेब म्हनत, तेनं काई होत नाई. पन मले भेव वाटे वं. तुह्या अंगाले लागली, पोराले काई झालं, त कोनाले विचारू?"

"मंग तसं सांगाचं न."

"कामाचं घरी बोलाचं नाई, अशी शपथ होती."

"शपथ कारखान्याची होती," आई म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि आवाज मात्र चढला होता. "तू आवडते म्हून दूर झोपतो, एवढं सांगाले कोनता दुश्मन आडवा आला होता?"

देशाचे गुपित राखता राखता ज्यांनी आपल्या मायेचेही गुपित करून टाकले, त्या माणसांचा इतिहास मला कुणी शिकवला नाही आणि मीही कुणाला शिकवला नाही. काल ज्या चित्रपटाला आम्ही इतके हसलो, त्याच्या शेवटच्या प्रश्नात तरी एक अक्षर चुकीचे नव्हते. तिथे उत्तर न देता पडदा काळा झाला होता. इथे सकाळचे स्वच्छ ऊन होते आणि माझी आई उत्तराची वाट पाहत बसली होती.

बाबा उठले. मला वाटले, आता नेहमीप्रमाणे आत निघून जातील. ते अंगणातल्या नळापाशी गेले. साबण घेऊन त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले, एकेक नख अंगठ्याने घासले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. निवृत्त होऊन किती काळ लोटला, त्या हातांवर आता सुरकुत्यांखेरीज काही उरले नाही. पण त्यांनी ते टॉवेलने कोरडे केले, उन्हात उलटसुलट धरून पाहिले, आणि मग येऊन आईच्या शेजारी बसले. उजवा हात त्यांनी तिच्यापुढे केला.

आईने तो आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि वर आपले दोन्ही हात ठेवले.

"आता राहू द्या इथीच," ती म्हणाली.