गुरुपादचा हुंदका

लातूरच्या मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर भीमाशंकर खानापुरे यांचं प्लास्टिकच्या टाक्यांचं दुकान आहे. पाऊस बरा झाला की त्या दुकानात माशा मारायची वेळ येते आणि दुष्काळ पडला की उभं राहायला जागा उरत नाही. शहराला आगगाडीनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात तर लोक रांग लावून टाक्या नेत होते. अशा भरल्या दुकानात भीमाशंकर गल्ल्यावर असे बसलेले असायचे की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, आपण चुकून मयताच्या घरी आलो.

ही उदासी त्यांनी तीस वर्षं जपली होती. लग्नाच्या फोटोतही ती आहे. नवरदेव कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठंतरी बघतोय आणि शेजारी उमादेवी, म्हणजे त्यांच्या मामाचीच मुलगी, हसू दाबून उभी आहे. गावात कुणाचं काही बिनसलं की लोक म्हणत, खानापुरेअण्णांकडं जाऊन बस, तुझं दुःख तुला किरकोळ वाटू लागंल.

उदासीचं मूळ गल्ल्यामागच्या फळीवर होतं. एक जुना टेपरेकॉर्डर आणि त्यात एक कॅसेट. दुकान उघडलं की अगरबत्ती, आणि अगरबत्तीमागून ती कॅसेट.

कॅसेट 'टँकर'ची होती. 'टँकर' हा चार पोरांचा रॉक बँड. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, कलेक्टर आला होता, कचेऱ्या आल्या होत्या, फक्त पाऊस यायचं थांबला होता. त्या साली ही पोरं दोन गिटार, एक ड्रम आणि एक गळा घेऊन उभी राहिली. चाहत्यांनी पुढं काढलेल्या रसिक मंडळाच्या पत्रकात 'टँकर'ला भूमिगत बँड म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. मोंढ्यातल्या एका अडत्याचं ज्वारी साठवायचं पेव रिकामं पडलं होतं. जमिनीखालची ती दगडी कोठी, शिडी लावून आत उतरायचं. पोरं तिथं सराव करत. पण पेवाच्या तोंडातून ड्रम आत जाईना. म्हणून तिघं खाली आणि ड्रमवाला वर, उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून. खालचं गाणं त्याला उशिरा ऐकू यायचं, त्यामुळं त्याचा ठोका नेहमी थोडा मागून पडायचा. या मागून पडणाऱ्या ठोक्यावर पुढं नांदेडचे प्राध्यापक व्यंकटराव यांनी पस्तीस पानांचा निबंध लिहिला. मराठवाड्याला सगळंच उशिरा मिळतं, असा त्याचा निष्कर्ष होता.

तो ड्रमवाला म्हणजे भीमाशंकरांचा थोरला भाऊ, गुरुपादप्पा.

बँडचा जाहीर कार्यक्रम एकच झाला. भीमाशंकर तेव्हा नांदेडला होस्टेलवर होते, परीक्षेमुळं आले नाहीत. पुढच्या महिन्यात टँकरच्याच, म्हणजे खऱ्या टँकरच्या, पाण्यानं गावात कावीळ पसरली आणि गुरुपाद गेला. भीमाशंकर पोचले तेव्हा अंगण सारवून झालेलं होतं. बँडच्या पोरांपैकी कुणीतरी हातात एक कॅसेट ठेवली. 'कार्यक्रमाची आहे. गुरुपादचा आवाज आहे शेवटी.'

आवाज होता. कॅसेटवर एकच लांबलचक गाणं, जड, रखडत चाललेलं, जणू कुणी ओली गोणी ओढत नेतंय. 'जिल्हा झाला... जिल्हा झाला... आता कशाला रडायचं...' गाणारा रडू नका म्हणत होता आणि ऐकणाऱ्याला रडू येत होतं. मध्येमध्ये भांड्यांचा बोदा, खोल नाद. आणि गाणं संपल्यावर एक हुंदका. दीर्घ, तुटत तुटत येणारा, छातीच्या तळातून ओढलेला. तो गुरुपादचा.

भीमाशंकर ती कॅसेट होस्टेलवर घेऊन गेले. तिथं ती खोलीखोलीतून फिरली, तिच्या कॉप्या झाल्या, देगलूरपासून उदगीरपर्यंत गेल्या. प्रेमात पडलेल्यांनी ती ऐकली, नापास झालेल्यांनी ऐकली, दोन्ही झालेल्यांनी तर पाठच केली. आपल्या भागाचं खरं दुःख पहिल्यांदा कुणीतरी गायलं, असं सगळ्यांचं मत पडलं. हुंदक्याला तर लोक नुसतं 'तो' म्हणत. 'त्या'च्या आधी बोलायचं नाही, 'त्या'च्यानंतर डोळे मिटायचे.

भीमाशंकरांना मात्र तो दुसऱ्याच कारणासाठी हवा होता. भावाचं तेवढंच उरलं होतं. गुरुपाद कसा बोलायचा, कसा चालायचा, हे हळूहळू पुसून गेलं आणि हुंदका राहिला. आपला भाऊ मरणाच्या महिनाभर आधी कशासाठी एवढा रडला असेल, आणि आपण परीक्षेला बसलो होतो. या प्रश्नाशेजारी बसून त्यांनी तीस वर्षं टाक्या विकल्या.

दर साली रसिक मंडळाची बैठक अध्यक्षांच्या, म्हणजे भीमाशंकरांच्या, गोदामात भरायची. सगळे उलट्या बॅरलवर बसत. मंडळात दोन पक्ष होते. लातूरकरांचं म्हणणं, बँड लातूरचा. नांदेडकरांचं म्हणणं, बँड जन्मला लातूरला असेल, पण त्याला ओळखलं नांदेडनं. आयुक्त कार्यालय कुठं व्हावं यावरून दोन्ही शहरांत पेपरबाजी चालायची तेव्हा मंडळातही बोलाचाली बंद व्हायची. मग कॅसेट लागायची, 'तो' यायचा, डोळे मिटले जायचे आणि आतल्या दारातून उमादेवी म्हणायच्या, "रडून झालं असंल तर भजी घ्या. गार व्हायलीत."

गायक रेवणप्पा कुठं गेला, हा मंडळाचा कायमचा विषय होता. कुणी म्हणे श्रीशैलच्या जंगलात आहे, कुणी म्हणे तेलंगणात चळवळीत गेला. एवढं दुःख गाऊन माणूस माणसांत राहूच शकत नाही, यावर एकमत होतं.

आगगाडीनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात एका दुपारी एक गोल, घामाघूम गृहस्थ दुकानात शिरले. पांढरा पायजमा, मिशांवर पीठ.

"हजार लिटरची दाखवा. काळी."

भीमाशंकरांनी बोट दाखवलं. गृहस्थानं टाकीवर थाप मारली, आत डोकं घालून "हो" असा आवाज काढला, खूश झाला. मग फळीकडं बघून म्हणाला, "अण्णा, हे कोण रडायलंय?"

"रडत नाहीत, गातायत. टँकर बँड." भीमाशंकरांनी अशा गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला सुस्कारा सोडला. "रेवणप्पांचा आवाज आहे."

"कोण रेवणप्पा?"

"गेले. कुठं गेले कुणाला म्हाईत न्हाई."

गृहस्थ कान देऊन ऐकू लागला. त्याचे ओठ हलले. मग तो टाकीला टेकला आणि एवढ्या जोरानं हसला की टाकी घुमली. "अवो, मी कुठं गेलो? औशाला हाय की! सासऱ्याची गिरणी चालवतो. वीस किलोमीटरवर! येष्टी हाय दर अर्ध्या तासाला!"

भीमाशंकरांनी त्याच्याकडं बघितलं. केस गेले होते, गाल आले होते, पण डाव्या भुवईतली खाच होती. लहानपणी ती गुरुपादच्याच विटीनं पडलेली.

"मी गुरुपादचा भाऊ," ते म्हणाले.

रेवणप्पाचं हसू थांबलं. तो पुढं आला, पिठाचे हात पायजम्याला पुसून त्यानं भीमाशंकरांचे दोन्ही हात धरले. "भीमा? होस्टेलवाला? काय रं, म्हातारा झालास की." मग रेवणप्पा म्हणाला, "पण भीमा, हे टेप इतकं रखडायलंय कशानं?"

"रखडत न्हाई. असंच आहे गाणं."

"माझं गाणं मला सांगतोस व्हय? लग्नात वाजवावं असं गाणं हाय हे. जिल्हा झाला म्हणून केलेलं. आनंदाचं!" तो विचारात पडला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "लायटीनं घात केला बघ. त्या साली करंट कसा असायचा? बल्बची तार तेवढी लाल दिसायची. मी मूळ कॅसेट घरातल्या लायटीवर वाजवली आन् कॉपी उतरवली बॅटरीवरच्या टेपवर. लायटीवरचा टेप मेल्यावाणी चालायचा. तुला दिली ती तसली रखडलेली कॉपी. पुढं तुम्ही होस्टेलात कॉपीची कॉपी केली असंल, त्याच लायटीवर."

भीमाशंकरांनी टेप बंद केला. "मूळ?"

"हाय की घरी. डब्यात. नातवाच्या बारशाला लावली होती."

त्यानं टाकी टेम्पोत चढवली आणि आठवड्यावर आलेल्या मंडळाच्या बैठकीला मूळ कॅसेट घेऊन येतो म्हणून सांगून गेला. जाताना म्हणाला, "शेवटी गुरुपाद कसला आवाज करतो, म्हाईत हाय न्हवं तुला?"

भीमाशंकरांनी मान हलवली, म्हणजे हो म्हणाले की नाही, ते त्यांनाही कळलं नाही. पुढचे आठ दिवस त्यांनी कॅसेट लावली नाही. गिऱ्हाईक विचारायचं, आज शांत कसं काय? ते म्हणायचे, लाईट नाही.

बैठकीला नांदेडकर सकाळच्या गाडीनं आले. रेवणप्पाला बघून मंडळात आधी आदर पसरला, मग तो किती जेवतो हे बघून शंका पसरली. प्राध्यापक व्यंकटरावांनी त्याला विचारलं, "या मधल्या तीस वर्षांच्या मौनाकडं आपण कसं बघता?"

"कसलं मौन? गिरणीत ओरडून बोलावं लागतं, सर."

मग भीमाशंकरांनी कॅसेटची हकीकत सांगितली. सांगून झाल्यावर एकदोघांनी हातातली भजी परत ताटात ठेवली.

व्यंकटराव उठले. "अध्यक्ष महाराज, ही दुसरी कॅसेट वाजवू नये."

"मूळ हीच हाय," रेवणप्पा म्हणाला.

"मूळ तुमच्याकडं असेल. खरी आमच्याकडं आहे." टाळ्या पडल्या. लातूरकरांनीही वाजवल्या. दोन्ही शहरांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमलं होतं. "या उदासीवर एक पिढी उभी आहे. माझा निबंध आहे. उद्या कुणी म्हणेल, दुष्काळच पडला नव्हता, नुसता करंट कमी होता!"

हात वर करून मतदान झालं. वाजवू नये, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. रेवणप्पानं भजं खाता खाता दोन्ही बाजूंनी हात वर केला.

सगळे भीमाशंकरांकडं बघू लागले. त्यांच्या हातात मूळ कॅसेट होती. न वाजवली तर हुंदका आहे तसा राहील, मंडळ राहील, ते अध्यक्ष राहतील. वाजवली तर गुरुपादचं काय उरेल, ते त्यांना माहीत नव्हतं. पण गेले आठ दिवस दुकानातली शांतता त्यांना एकच विचारत होती, भाऊ हवा की भावाचं दुःख.

त्यांनी कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

गाणं उसळून बाहेर आलं. रेवणप्पाचा पोरगेला गळा, गिटारी चेकाळलेल्या. 'जिल्हा झाला, जिल्हा झाला, आता कशाला रडायचं!' मागून ठोका, थोडा उशिरा, पण नाचत. आणि तो भांड्यांचा नाद आता खणखणीत होता. रेवणप्पा मोठ्यानं सांगू लागला, "पोस्टरवर आम्ही लिवलं, आज सायंकाळी सहाला टँकर. अर्धं गाव घागरी घिऊन आलं! आधी शिव्या घातल्या आम्हाला. मंग एका म्हातारीनं तिची घागर बडवायला सुरुवात केली, की सगळ्याच बडवायल्या. गुरुपादच्या हातातली काठी गळाली बघा..."

"गप," भीमाशंकर म्हणाले.

गाणं संपलं. आणि 'तो' आला.

आधी काहीच नाही. मग आत ओढलेला श्वास, तुटत, अडखळत, पंप सुरू केल्यावर पाणी वर यायच्या आधी पाइपात हवा खडखडते तसा. आणि मग आलं ते. सगळ्या अंगानं, नाकातून, तोंडातून, न आवरणारं हसू.

आतल्या दारात उमादेवी पिठाचा झारा घेऊन उभ्या होत्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर थोरले हसायलेत."

भीमाशंकरांना आठवलं. जेवताना हसू आलं की गुरुपादच्या नाकातून पाणी यायचं. आई धपाटा घालायची. पुढचा उजवा दात जरासा तुटका होता. उन्हात बसून बसून मान काळी पडली होती. सगळं एकदम, दार लोटून आत आल्यासारखं.

त्यांनी कॅसेट मागं फिरवली. पुन्हा लावली. पुन्हा फिरवली.

व्यंकटराव म्हणाले, "अध्यक्ष, हा हुंदका नाही."

"न्हाई."

"मग आम्ही तीस वर्षं डोळे मिटून कशासाठी बसलो?"

"मला तरी काय म्हाईत, सर," भीमाशंकर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ओठ मात्र भलतंच काही करत होते. सवय नसल्यामुळं चेहऱ्याला ते जमत नव्हतं.

नांदेडकर संध्याकाळच्या गाडीनं जुनी कॅसेट घेऊन गेले. आता मंडळाची बैठक तिकडंच भरते. लोक डोळे मिटतात, हुंदका येतो, चहा होतो. लातूरचे एकदोघंही चोरून जातात म्हणे, उदास व्हायला.

भीमाशंकरांच्या दुकानात रोज सकाळी अगरबत्तीमागून गाणं लागतं. शेवटचं हसू आलं की ते हातातलं काम थांबवतात. गिऱ्हाईक समोर असतानाच, पेवाच्या तोंडाशी बसलेल्या ड्रमवाल्यासारखे, भावाच्या थोडं उशिरा, हसतात. गिऱ्हाइकं जरा बिचकतात. दुष्काळात टाक्या विकणाऱ्यानं असं हसू नये, असं काही जणांनी बोलूनही दाखवलं.

उमादेवी म्हणतात, "हसू द्या. त्यांची लई दिवसांची बाकी थकलीय."